अंकांचे उपासक : गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

महाराष्ट्राने देशाला दिलेल्या गणितज्ञांची नावे काढावयाची म्हटल्यास भास्कराचार्यांपासून प्रारंभ होतो आणि केरूनाना छत्रे, रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे अशी ती परंपरा पुढे येते. या मालिकेत एक नाव असे आहे की ज्यांच्यापाशी ना विलायतेची पदवी होती, ना महाविद्यालयातील प्राध्यापकपद, ना कोणत्या संशोधन संस्थेचा आश्रय. ते नाव म्हणजे नाशिकजवळील देवळालीच्या शाळेतील गणिताचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. आज जगातील कोणत्याही देशात अंकगणिताच्या गमतीजमतींचे पुस्तक उघडले तर त्यात कापरेकरांचे नाव आढळते. त्यांच्या नावाचा एक स्थिरांक आहे, त्यांच्या नावाच्या संख्या आहेत. मात्र हयातीतील बहुतेक काळ विद्वानांनी त्यांच्या कार्यास बालिश ठरविले होते. बाजारात ज्या मालाला गिऱ्हाईक नाही, असा माल हा गृहस्थ सुमारे अर्धशतक स्वखुशीने निर्माण करीत राहिला. व्यापाऱ्याच्या दृष्टीला ही गोष्ट प्रथम कोड्यात टाकते आणि म्हणूनच त्यांचे चरित्र समाजबांधवांपुढे ठेवावेसे वाटले.

कापरेकरांचा जन्म दि. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. समुद्रकाठचे हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात मोडते. वडील कारकून होते. आठ वर्षांच्या कोवळ्या वयात दत्तात्रेयांचे मातृछत्र हरपले आणि त्यांच्या संगोपनाचा सारा भार वडिलांवर आला. वडिलांना फलज्योतिषाचा छंद होता. ज्योतिषावर कोणाचा विश्वास असो वा नसो, पत्रिका मांडावयाची तर आकडेमोड करावीच लागते. अंश, कला, घटका, पळे यांचे हिशोब पाटीवर मांडताना पाहत मोठे झालेल्या या मुलाने वडिलांकडून भविष्य उचलले नाही, आकडेमोड तेवढी उचलली. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. शाळेच्या दिवसांत अंकांची कोडी सोडविण्यात त्यांचे तासन्‌तास जात असत.

१९२३ साली त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. या महाविद्यालयाचे गणिताशी नाते विशेष होते. १८९९ साली केंब्रिजच्या परीक्षेत सर्वप्रथम येऊन सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय रँग्लर परांजपे हे अनेक वर्षे तेथील प्राचार्य होते. विद्यार्थ्याने केलेल्या स्वतंत्र गणिती लेखनासाठी त्यांच्या नावे एक पारितोषिक दिले जाई. १९२७ साली ते पारितोषिक कापरेकरांना मिळाले. पाठांतर करून गुण मिळविणाऱ्यास हे पारितोषिक नव्हते, स्वतःच्या बुद्धीने काही नवे सुचलेल्यास होते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. त्यापुढे त्यांनी कोणतीही पदवी घेतली नाही. पदवीनंतर लवकरच ते देवळालीच्या शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. नोकरीच्या दृष्टीने पाहिल्यास त्यांचे चरित्र येथे संपते. बढती नाही, बदली नाही, सांगण्यासारखा एकही प्रसंग नाही.

देवळाली हे गाव आपल्यापैकी अनेकांना तेथील आरोग्यधामांमुळे आणि धार्मिक शिबिरांमुळे परिचित आहे. ब्रिटिशांनी वसविलेली लष्करी छावणी आणि उत्तम हवा यांसाठी ते पूर्वीपासून प्रसिद्ध. त्या शांत गावात दिवसा मुलांना त्रैराशिक व भूमिती शिकवावी आणि उरलेल्या वेळात कागदावर आकडे मांडून बसावे, असा या शिक्षकाचा दिनक्रम होता. ते चांगले शिक्षक म्हणून ओळखले जात. स्वतःच्या अंकप्रेमाचा उपयोग करून ते विद्यार्थ्यांमध्ये गोडी निर्माण करीत आणि आसपासच्या महाविद्यालयांतूनही त्यांना व्याख्यानासाठी बोलावणे येई. स्वतःच्या या वेडाविषयी त्यांनी एक दृष्टांत दिलेला आहे. मद्यपी माणसाला ती धुंदी टिकविण्यासाठी पुन्हा पुन्हा पेल्याकडे वळावे लागते, तसे आपले अंकांच्या बाबतीत झाले आहे, अशा अर्थाचा तो आहे. आपल्या स्मरणिकेत ही उपमा कितपत शोभते याचा मी क्षणभर विचार केला, परंतु ती त्यांचीच असल्याने आणि त्या व्यसनाने कोणाचे घर बुडाल्याचे ऐकिवात नसल्याने येथे राहू दिली आहे.

त्यांच्या आरंभीच्या शोधांपैकी एक आहे डेम्लो संख्यांचा. मुंबईपासून तीस मैलांवर जी.आय.पी. रेल्वेचे एक स्थानक होते. आज आपण त्यास डोंबिवली म्हणतो. त्या स्थानकावर असताना कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली आणि त्यांनी स्थानकाच्या त्या काळच्या डेम्लो या नावावरून संख्यांना नाव देऊन टाकले. लोक स्थानकावर गाडीची वाट पाहतात आणि गाडी उशिरा आली तर रेल्वेला नावे ठेवतात, यांनी त्याच वेळात अंकांना नाव ठेवले. या संख्यांतील सर्वांत देखणा प्रकार समजण्यास अगदी सोपा आहे. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. १११११ चा वर्ग १२३४५४३२१. सहा वेळा १ लिहून वर्ग केला तर १२३४५६५४३२१. अंक एकेक पायरी चढत जातात आणि तितक्याच पायऱ्या उतरतात. याविषयीचा त्यांचा लेख १९३८ साली मॅथेमॅटिक्स स्टुडंट या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

येथे आपल्या समाजाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. इसवी सनाच्या नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात जैन आचार्य महावीर होऊन गेले. त्यांचा गणितसारसंग्रह हा सन ८५० च्या सुमाराचा ग्रंथ केवळ गणितास वाहिलेला आहे. त्या काळी गणित हे बहुधा ज्योतिषाच्या ग्रंथांतील एखाद्या प्रकरणापुरते असे, महावीराचार्यांनी त्याला स्वतंत्र ग्रंथाचा मान दिला. गुणाकाराच्या उदाहरणांत त्यांनी अशी गणिते घातली आहेत की ज्यांचे उत्तर हारातील मण्यांप्रमाणे दोन्हीकडून सारखे दिसावे. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१ येतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की येतात १२३४५६५४३२१. म्हणजे कापरेकरांची हीच ती सहा पायऱ्यांची संख्या. एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी, असे तिचे वर्णन आचार्यांनी हजार वर्षांपूर्वी केलेले आहे. एका जैन मुनीला आणि एका शाळामास्तराला, मध्ये हजार वर्षांचे अंतर असताना, एकाच संख्येचे रूप भावले! गणितसारसंग्रहाची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने प्रसिद्ध केली आहे. जिज्ञासूंनी ती अवश्य पाहावी.

कापरेकरांचे नाव जगभर झाले ते मात्र ६१७४ या संख्येमुळे. हा शोध १९४६ सालचा. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अट एवढीच की चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून मोठ्यात मोठी संख्या करावी आणि चढत्या क्रमाने लावून लहानात लहान. मोठीतून लहान वजा करावी. उत्तराच्या बाबतीत पुन्हा तेच करावे. अधिकाधिक सात वजाबाक्यांत ६१७४ हे उत्तर येतेच येते आणि एकदा आले की ते हलत नाही.

उदाहरण म्हणून त्यांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ चे अंक उतरत्या क्रमाने ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९, वजाबाकी ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. नंतर ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. नंतर ७४४३ वजा ३४४७ म्हणजे ३९९६. नंतर ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४. नंतर ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. आणि शेवटी ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. बरोबर सातवी पायरी. त्यांच्या जन्मवर्षालाही सर्वांत लांबच्या वाटेने यावे लागते, हा निव्वळ योगायोग आहे, पण पुढील हकीकत वाचल्यावर तो मनात राहतो.

हे असे का होते? आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना याचे अर्धे उत्तर ठाऊक असते, फक्त ते ठाऊक आहे हे ठाऊक नसते. तेरीज जुळत नसेल आणि फरकाच्या रकमेला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर जुना मुनीम सर्वप्रथम कोठे अंकांची अदलाबदल झाली आहे काय ते पाहतो. ५४ रुपयांच्या ठिकाणी ४५ लिहिले गेले तर फरक ९ चा, ७२० च्या ठिकाणी २७० लिहिले तर फरक ४५० चा. तेच अंक जागा बदलून लिहिले की दोन संख्यांतील फरकाला ९ ने नेहमी भाग जातो. कापरेकरांच्या खेळातील प्रत्येक वजाबाकी ही अशीच अदलाबदल आहे, त्यामुळे येणारे प्रत्येक उत्तर नवाच्या पाढ्यातच असते. ६१७४ म्हणजे ९ गुणिले ६८६.

राहिलेले अर्धे उत्तर असे की वजाबाकीचे फळ चारही अंकांवर अवलंबून नसते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक, एवढ्या दोनच गोष्टींवर ते ठरते. पहिल्या फरकाला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली की उत्तर तयार. या दोन फरकांच्या जोड्या सगळ्या मिळून ५४ होतात. म्हणजे अटीत बसणाऱ्या ९,९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ प्रकारांत गोळा होतात आणि तेथून एकाच दारातून बाहेर पडतात. तीन अंकी संख्यांचेही असेच आहे, तेथे शेवट ४९५ वर होतो. दोन अंकी संख्या मात्र कोठेही स्थिरावत नाहीत, ९, ८१, ६३, २७, ४५ असे फेरे घेत राहतात. चार अंकांत असा एकच विसावा निघावा याचा अंदाज आधी कोणालाही बांधता आला नसता, तो कोणीतरी बसून शोधावाच लागला. गणकयंत्र हाताशी नसलेल्या त्या काळात देवळालीच्या शिक्षकाने तो शोधला.

१९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी हा निष्कर्ष मांडला. पुढे अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यांचे यासंबंधीचे लेख आले. परंतु आपल्याकडील अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कल्पनांना हसून वाटेला लावले. हे क्षुल्लक आहे, यात सिद्धांत नाही, हा नुसता आकड्यांचा खेळ आहे, असा एकंदर सूर होता. परिणामी त्यांचे बरेचसे लेखन मोठ्या नियतकालिकांत आले नाही. त्यांनी ते छोट्या पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच छापून प्रसिद्ध केले. पुस्तिकेवर प्रकाशक म्हणून लेखक स्वतः आणि स्थळ देवळाली. डेम्लो संख्या, आवर्ती दशांश अपूर्णांकांची चक्रे, स्वयंभू संख्या असे त्यांचे विषय असत. शाळामास्तराच्या त्या काळच्या पगारात छापखान्याचे बिल भागविणे म्हणजे काय, हे ज्याने संसार केला आहे त्याला सांगावे लागू नये.

हसणाऱ्या विद्वानांवर केवळ दोषारोप करून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्या पाठीशी मोठे नाव होते. रामानुजन यांची प्रतिभा १९१३ साली ओळखून त्यांना केंब्रिजला नेणारे प्राध्यापक हार्डी यांनीच १९४० सालच्या अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी या पुस्तकात अशा प्रकारच्या अंकवैशिष्ट्यांना कमी लेखले आहे. त्यांनी उदाहरणही दिले आहे. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच अशा आहेत की त्या आपल्या उलट्या संख्येच्या पटीत असतात, २१७८ ची चौपट ८७१२ आणि १०८९ ची नऊपट ९८०१. हार्डींच्या मते ही हौशी लोकांची करमणूक होय, खऱ्या गणितज्ञाने तिच्यात रमण्याजोगे काही नाही. कारण अंकांची ही गंमत आपण दहाच्या पटीने मोजतो म्हणून घडते. बारांच्या पटीने मोजणारा समाज असता तर ६१७४ ला काही विशेष राहिले नसते. ही टीका तर्काला धरून आहे, ती नाकारता येत नाही.

तथापि हार्डींनी कमी लेखलेल्या त्या ९८०१ कडेच जरा निराळ्या बाजूने पाहावे. ही संख्या ९९ चा वर्ग आहे आणि तिचे दोन भाग केले, ९८ व ०१, तर त्यांची बेरीज पुन्हा ९९. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ बरोबर ४५. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ बरोबर ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ बरोबर २९७. २२२३ चा वर्ग ४९४१७२९, येथे ४९४ आणि १७२९ यांची बेरीज २२२३. हा १७२९ म्हणजे रामानुजन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला तोच आकडा, तो येथे न बोलावता येऊन बसला आहे! वर वर पाहता हा खेळ वाटतो खरा. परंतु २००० साली डग्लस इयानुची या गणितज्ञाने दाखवून दिले की ९९, ९९९, ९९९९ अशा संख्यांचे विभाजक कसे पडतात त्यावरून कापरेकर संख्या एकामागून एक काढता येतात. म्हणजे ज्याला गंमत म्हणून बाजूला सारले त्याच्या तळाशी नियम होता, तो दिसण्यास अर्धे शतक जावे लागले. माझ्या अल्पमतीप्रमाणे हार्डींचा काटा सोने तोलण्याचा होता आणि तो अचूक होता, पण कापडाचे ठाण सराफी काट्यावर ठेवून हलके ठरविता येत नाही.

कापरेकरांची नामकरणे मोठी रसिक आहेत. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. १२ चे अंक १ आणि २, बेरीज ३, आणि १२ ला ३ ने भाग जातो. आपण आपल्या परिचयाच्या संख्या घेऊन पाहू. चोवीस तीर्थंकर, २४ च्या अंकांची बेरीज ६, भागाकार ४. त्रेसष्ट शलाकापुरुष, ६३ च्या अंकांची बेरीज ९, भागाकार ७. जपमाळेचे एकशे आठ मणी, १०८ च्या अंकांची बेरीज ९, भागाकार १२. तिन्ही हर्षद संख्या! यातून कोणी चमत्कार काढू नये म्हणून हेही सांगतो की पहिल्या शंभर संख्यांतच ३३ हर्षद संख्या आहेत. आनंद मानावा, निष्कर्ष काढू नये.

या हर्षद संख्यांना पाश्चात्य देशांत कित्येक ठिकाणी निव्हन संख्या म्हणतात, कारण आयव्हन निव्हन या अमेरिकास्थित गणितज्ञांनी १९७७ च्या एका व्याख्यानात त्यांची चर्चा केली होती. पुढे १९९३ साली कूपर व केनेडी या दोघांनी सिद्ध केले की लागोपाठ वीसपेक्षा अधिक हर्षद संख्या कधीही येऊ शकत नाहीत.

दुसरे नाव स्वयंभू संख्यांचे. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिचेच अंक मिळवावे. २१ मध्ये २ व १ मिळविले की २४. मग २१ ही २४ ची जननी. २४ पासून ३०, ३० पासून ३३, असा वंश पुढे चालतो. परंतु काही संख्यांना जननीच सापडत नाही, २० पासून मागे कितीही शोधा, ती कोणापासूनही उत्पन्न झालेली नाही. ३१, ४२, ५३, ६४ याही तशाच. कापरेकरांनी १९४९ च्या सुमारास या संख्या शोधल्या व त्यांना स्वयंभू म्हटले, त्या देवळाली संख्या म्हणूनही ओळखल्या जातात. त्यावर त्यांनी १९५९ आणि १९६३ साली पुस्तिका छापल्या. मात्र देवळालीत छापलेली पुस्तिका किती दूर जाणार? १९७० च्या दशकात बर्नार्डो रेकामान यांनी याच संख्यांविषयीचा प्रश्न एका अमेरिकन नियतकालिकात मांडला आणि त्या तिकडे कोलंबियन संख्या या नावाने रूढ झाल्या. यात कोणाची लबाडी नव्हती. मालावर छाप असते, पण माल पेठेत पोहोचला नाही तर ती छाप कोण वाचणार, एवढाच त्याचा अर्थ.

१९६२ साली कापरेकर निवृत्त झाले. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते, त्यात निर्वाह होईना. ज्यांच्या लेखांचा पुढे परदेशातील विद्वान शोध घेणार होते, त्या साठी ओलांडलेल्या गृहस्थांनी चरितार्थासाठी गणित व विज्ञानाच्या खाजगी शिकवण्या घेतल्या. चरित्रातील हा भाग लिहिताना मन विषण्ण होते. समाजाने अशा माणसाच्या म्हाताऱ्या वयाची तरतूद करावयास हवी होती, असे वाटून जाते. परंतु त्या काळातही त्यांचे आकडे थांबले नव्हते हे विशेष. शिकवणीची मुले गेली की ते पुन्हा आपल्या कागदाकडे वळत.

मार्च १९७५ मध्ये पारडे फिरले. अमेरिकेतून निघणाऱ्या सायंटिफिक अमेरिकन या विख्यात मासिकात मार्टिन गार्डनर हे गणिती खेळांवर एक सदर चालवीत. जगभरातील गणितप्रेमी त्या सदराची वाट पाहत असत. त्या महिन्याच्या सदरात गार्डनर यांनी देवळालीच्या या शिक्षकाची आणि त्यांच्या संख्यांची ओळख जगाला करून दिली. गार्डनर स्वतःही गणिताचे पदवीधर नव्हते. कदाचित त्यामुळेच पदवीपेक्षा कल्पनेकडे त्यांची नजर गेली असावी. त्यानंतर संगणकावर काम करणाऱ्यांना ६१७४ चे प्रचंड आकर्षण वाटू लागले. पाच अंकी, सहा अंकी संख्यांचे काय होते, दहाऐवजी दुसऱ्या आधाराने मोजले तर काय होते, असे प्रश्न निघाले. त्यांवर लेख लिहिले गेले आणि आजही लिहिले जातात. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. कीर्ती आली ती देवळालीतच आली, ते तिच्यामागे कोठे गेले नाहीत.

१९८६ साली त्यांचे देहावसान झाले.

आज शाळेतील मुले भ्रमणध्वनीवर क्षणार्धात ६१७४ पर्यंत पोहोचतात. पण माझा आग्रह असा की घरातील नातवंडांना ती वजाबाकी एकदा तरी पाटीवर वा कागदावर करू द्यावी. हातचा घेताना चुकले तर उत्तर नवाच्या पाढ्यातून बाहेर पडते, आणि मूल आपली चूक स्वतःच पकडते. सन २०२५ हे ४५ चा वर्ग असलेले, म्हणून कापरेकरांच्या संख्येशी जोडलेले वर्ष होते. या शतकात पूर्ण वर्ग असलेले तेवढे एकच वर्ष. त्याच्या आधीचे पूर्ण वर्ग वर्ष १९३६, म्हणजे ४४ चा वर्ग. तेव्हा कापरेकर देवळालीत शिकवीत होते आणि एकतीस वर्षांचे होते. पण १९ आणि ३६ यांची बेरीज ५५ होते, ४४ नव्हे, म्हणून ते वर्ष त्यांच्या पंक्तीत बसत नाही. त्या पंक्तीतील पुढचे वर्ष ३०२५ हे होय.